वाटेवरच्या डब्या

कसबा पेठ, पुणे
२० जुलै २०२५

प्रिय दादा,

रविवारी फोन आधी तू ठेवलास की मी, यावर वाद नको. दोघांनीही ठेवला. म्हणून हा मेल, आणि याला पत्रच समज. लिहिताना निदान एकमेकांचं वाक्य तोडता येत नाही. तूही लिहूनच उत्तर दे. मस्कतच्या प्लँटमध्ये दिवसभर रिपोर्ट लिहितोस, त्यात एक बहिणीचा.

तुझं म्हणणं मला कळलं. बाबांना विसरायला होतं. सकाळी उठून ते घराबाहेर पडतात. मी घरून काम करत असले तरी मीटिंगमध्ये अडकलेली असते. आणि लोणी काळभोरला एक संस्था आहे, तिथे अशा माणसांना नीट सांभाळतात. बाग आहे, नर्स आहेत, गेट आहे. गेटचं कौतुक तू फारच केलंस.

अरे, या माणसाने सगळी नोकरी वीज मंडळात मीटर रीडर म्हणून काढली. कसबा, मंगळवार, सोमवार, सगळ्या पेठांत घरोघर जायचं आणि आकडे लिहून आणायचे. आता माझं नाव त्यांना कधी आठवतं, कधी नाही, पण सकाळ झाली की इस्त्रीचा शर्ट घालून ते निघतात. लोकांच्या जिन्याखाली शिरतात, मीटर बघतात, मान हलवतात, पुढच्या घरी जातात. त्यांचं एवढंच शिल्लक आहे. मागच्या महिन्यात मी घाबरून बाहेरून कडी लावली होती. दिवसभर येरझाऱ्या घातल्या, जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी खिडकीची काच फोडली. हाताला टाके पडले ते तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

माझ्याकडे एक उपाय आहे. हल्ली क्रेडिट कार्डाएवढे कॉम्प्युटर मिळतात. एका हिरव्या पट्टीवर सगळं बसवलेलं, वायफायसकट, आणि मोबाइलच्या चार्जरवर चालतात. ऑफिसातल्या राकेशने घरी असले चार एकत्र जोडलेत, त्याचे फोटो, सिनेमे, बायकोच्या पाककृती सगळं त्यावर. मी असा एकेक बोर्ड डबीत घालून बाबांच्या वाटेवरच्या दुकानांत ठेवणार. बाबांच्या शर्टाच्या आत बटणाएवढा टॅग शिवणार. ते दुकानासमोर आले की डबीला टॅगची चाहूल लागते आणि ती आपल्या घरच्या मोठ्या बोर्डाला कळवते. मला स्क्रीनवर ठिपका दिसतो. सगळी माहिती आपल्याच घरी, कपाटावरच्या त्या बोर्डात राहील. आपला बाप कुठे फिरतो हे कुणा परक्या कंपनीला कळायचं कारण नाही.

सध्या त्यांच्या गळ्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेलं कार्ड घालते. कोपऱ्यावर गेले की काढून टाकतात. परवा म्हणाले, "मी काय स्टँडवर राहिलेली बॅग आहे का?"

दिवाळीपर्यंत मुदत दे.

पूर्णिमा


मस्कत
२५ जुलै २०२५

पूर्णे,

काच आणि टाके आज कळतात. छान. यापुढे काय काय लपवायचं ठरवलंयस त्याची यादी पाठव, म्हणजे मी तेवढं सोडून काळजी करेन.

बापाचं तू कुरियरचं पार्सल करते आहेस. वर त्याला उपाय म्हणतेस. तुझं यंत्र चालेल, त्याबद्दल मला शंका नाही, लहानपणी माझा रेडिओ उघडून तू तो परत जोडलाही होतास. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या प्लँटमध्ये समुद्राचं पाणी गोडं करतात, तिथे प्रत्येक पंपाशेजारी दुसरा पंप असतो. पहिला कधीतरी बंद पडणार हे आम्ही धरूनच चालतो. तुझ्या डबीशेजारी दुसरं काय आहे?

दीपालीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, पूर्णिमाचं बरोबर आहे. तुझ्या वहिनीला मी मत विचारलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत ठीक. मी येईन तेव्हा समोरासमोर ठरवू. आणि तो नकाशा मलाही बघता येईल असं कर. इथे सकाळी उठल्यापासून माझं डोकं तिकडेच असतं. बाबा निघाले असतील, रस्ता ओलांडत असतील, एवढंच.

दत्ता


कसबा पेठ, पुणे
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

डब्या लागल्या. सोबत नकाशाचा पासवर्ड आहे; त्यावर प्रत्येक डबीचा एक दिवा दिसतो आणि बाबांचा ठिपका. तो वहिनीच्या वाढदिवसाचा आहे, म्हणजे तुला या वर्षी तरी लक्षात राहील.

मला वाटलं होतं दुकानदार हाकलून देतील. उलट इतके गोड वागले की मला संशय आला, पुण्यात असं होत नाही. गिरणीवाल्या मंदाकिनीबाईंनी डबी हातात घेऊन विचारलं, "पिठाने हिला खोकला नाही ना यायचा?" मग स्वतःच तिच्यावर जुन्या साडीचं विरळ फडकं घातलं. उत्तरेश्वर तांबटाने देवांच्या फळीवर जागा दिली. रतन टेलरने बाबांच्या सगळ्या शर्टांना आतून चोरखिसा करून टॅग शिवून दिले, आणि शिवताना बाबांना सांगितलं की हा मंडळाचा नवीन बिल्ला आहे. बाबांना ते पटलं. प्रत्येक ठिकाणी ते माझ्यासोबत आले, प्लग नीट बसलाय का पाहिलं आणि मान हलवली. माझ्या कामाला कुणीतरी पास केल्यासारखं मला वाटलं.

गळ्यातलं कार्ड काढलं. बाबांनी ते स्वतः केरात टाकलं आणि हात धुतले. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आणखी एक सुख सांगते. आधी दिवसभर फोन यायचे. "तुमचे बाबा आमच्या जिन्यात आहेत." "तुमचे बाबा ऊन लागून बसलेत." मीटिंगमध्ये फोन थरथरला की मी माइक बंद करून खाली पळायची. आता सगळ्यांना सांगून टाकलं, तुम्ही तसदी घेऊ नका, डबी मला कळवते. तेव्हापासून एकही फोन नाही. इतकी शांतता मी वर्षभर पाहिली नव्हती.

तुझा दुसरा पंप म्हणजे मी. पुरे?

पूर्णिमा


मस्कत
३१ ऑगस्ट २०२५

पूर्णे,

तुझा नकाशा वाईट आहे. म्हणजे चांगला आहे, म्हणून वाईट आहे. डोळे उघडले की आधी मी तो उघडतो. दात घासताना बघतो, गाडीत बघतो. परवा कंट्रोल रूममध्ये साहेब मागे येऊन उभा राहिला, त्याला वाटलं शेअर बाजार आहे.

काही प्रश्न. गिरणीपाशी बाबा रोज इतका वेळ का थांबतात? तांबटाकडून निघाले की पुढच्या डबीपर्यंत मध्येच एवढा वेळ कसा लागतो, तिथे काय आहे? सोमवारी ठिपका मागे गेला, मग पुढे, मग परत मागे. चक्कर आली होती का? आणि गणपती बसलेत, पेठेत मुंगीला वाट नसेल, तू त्यांना सोडतेसच कशी?

तू म्हणशील, फोन करून विचार. फोन केला तर तू म्हणशील, नकाशात दिसतंय ना. नकाशात मला फक्त ते कुठे आहेत एवढं दिसतं. ते कसे आहेत ते दिसत नाही. आधी मला काहीच कळत नव्हतं तेव्हा मी रात्री झोपत तरी होतो.

एका जागी बसले ना ते, की आपण सगळेच जरा श्वास घेऊ.

दत्ता


कसबा पेठ, पुणे
१५ सप्टेंबर २०२५

दादा,

गिरणीपाशी ते थांबतात कारण मंदाकिनीबाई त्यांना चहा देतात. तांबटाच्या पुढे एक मांजर आहे. सोमवारी ते मागेपुढे गेले कारण मांजर मागेपुढे गेलं. गणपतीत मी त्यांच्यासोबत फिरले. प्रश्न संपले असतील तर आता माझा एक.

काल लोणी काळभोरहून फोन आला. दीपमाला मॅडम. बोलायला फार छान. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांची खोली आम्ही दिवाळीपासून राखून ठेवली आहे, तुमच्या भावाने जुलैतच कळवलंय. त्यांना जेवणात काय आवडतं तेवढं सांगा."

जुलैत. म्हणजे मला मुदत दिलीस त्याच महिन्यात. मी इथे पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्या झिजवत होते, डब्या लावत होते, तुला पासवर्ड पाठवत होते, आणि तू खोली ठरवून मोकळा झाला होतास. मला तू यादी मागितली होतीस ना लपवलेल्या गोष्टींची? तुझी कुठेय?

दुरून डोंगर साजरे म्हणतात. तुला दुरून बापसुद्धा साजरा दिसत नाही, नुसता धोका दिसतो.

मी मॅडमना सांगितलं, गवार आवडत नाही. एवढंच सांगितलं.

पूर्णिमा


मस्कत
२९ सप्टेंबर २०२५

पूर्णिमा,

हे पत्र मी दोनदा लिहून पुसलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

खोली ठरवली, खरं आहे. कारण तिथे जागा मिळायला लोक थांबून राहतात, आणि मला माहीत आहे की एक दिवस तुझा फोन येणार आहे. तो आला की मला विमान पकडायला रात्र जाईल. तू त्या फोनची कल्पना करत नाहीस, मी रोज करतो. तुला वाटतं मला धोका दिसतो. मला दिसतो तो रस्त्यावर पडलेला माझा बाप, आणि भोवती उभे असलेले लोक, आणि त्यातल्या एकालाही तो कुणाचा आहे हे माहीत नाही.

तू हे सगळं बाबांसाठी करतेस असं म्हणतेस. मला वाटतं तू स्वतःसाठी करतेस. त्यांना बंद केलं हे तुला सोसणार नाही, म्हणून तू त्यांना सोडतेस आणि त्यावर यंत्र बसवतेस. ज्या दिवशी ते यंत्र बंद पडेल त्या दिवशी मला काय सांगशील, ते आत्ताच लिहून ठेव.

दत्ता


मस्कत
२ ऑक्टोबर २०२५

पूर्णिमा,

काल सकाळी तू मला नकाशावरून काढून टाकलंस. एकेक करून सगळे दिवे विझवलेस. निदान सगळे एकदम तरी बंद करायचे होतेस.

राग कळला. मी फोन करणार नव्हतो, केला नाही. दसऱ्याच्या शुभेच्छा बाबांना सांग.

दत्ता


कसबा पेठ, पुणे
५ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुला मी काढलं नव्हतं. काय झालं ते सांगते, मध्ये थांबू नकोस.

बुधवारी खंडेनवमी होती. बाबा नेहमीसारखे निघाले. ऑफिसचं त्या दिवशी मोठं काम होतं, पण स्क्रीनचा एक कोपरा नकाशाला दिलेला असतोच. आधी गिरणीची डबी गेली. मला वाटलं लाइट गेली असेल. मग रतनची गेली, मग तांबटाची, मग बाकीच्या. मला वाटलं आपलं नेट गेलं. घरचा बोर्ड बंद करून परत चालू केला, वायरी हलवल्या, शिव्या दिल्या. त्यात बराच वेळ गेला. मग चपला घालून खाली पळाले.

गिरणी बंद होती. आत पाटावर वजनं मांडलेली, जात्याच्या दगडाला हार, आणि वजनांच्या शेजारी आपली डबी. ओल्या फडक्याने पुसलेली, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आजच्या दिवशी कुणाला राबवायचं नसतं गं. दोन महिने झाले, रात्रंदिवस जागतीय बिचारी. म्हटलं आज तिलाही सुट्टी."

रतनच्या शिलाई मशीनवर दुसरी डबी, तिलाही हार. उत्तरेश्वरच्या ऐरणीपाशी, हातोड्यांच्या रांगेत तिसरी. सगळ्या पेठेने तिला आपल्या हत्यारांत धरलं होतं, दादा. कुणावर रागवायचं?

मी प्रत्येकाला विचारलं, बाबा दिसले का. सगळ्यांनी पाहिलं होतं. मंदाकिनीबाईंनी त्यांना प्रसाद दिला होता. रतनने नमस्कार केला होता. तांबटाच्या घरातल्यांनी त्यांना पेठेच्या कडेला, मोठ्या रस्त्याकडे जाताना पाहिलं होतं. आणि सगळे हेच म्हणाले, "मघाशीच गेले की. तुला कळलं असेल असं वाटलं."

तिथेच मी पायरीवर बसले. यांनी दोन महिन्यांपूर्वी मला फोन केला असता. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी त्यांचा हात धरून घरी आणून सोडलं असतं. ते मीच बंद केलं. फोनचा त्रास नको म्हणून.

दुपार झाली. मी मोठ्या रस्त्यापर्यंत गेले, पलीकडे गेले, नदीकडे गेले, पोलीस चौकीत गेले. हवालदाराने विचारलं, गळ्यात काही ओळखपत्र आहे का. मी नाही म्हणाले. मग कुठल्या रंगाचा शर्ट होता ते मला आठवेना. रोज ठिपका बघत होते, शर्ट बघितलाच नव्हता.

तुला फोन केला नाही. तुझं पत्र डोळ्यांसमोर होतं, आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दिवेलागणीला मी घराच्या जिन्यात बसले होते, चौकीतून फोन येईल म्हणून. समोरून बाबा आले. इस्त्री मोडलेली, बाकी जसेच्या तसे. जिन्याखाली वाकून आपला मीटर पाहिला, मान हलवली आणि वर निघून गेले. त्यांच्या मागे एक बाई, आपली आई असती तर तिच्या वयाच्या, चपला हातात, धापा टाकत.

त्या हुस्नबानू आपा. मंगळवार पेठेत राहतात. सकाळी बाबा त्यांच्या जिन्यात मीटर बघत उभे होते, डोक्यावर ऊन बसलेलं, ओठ सुकलेले. त्यांनी बसवून चहा दिला. पुढचं त्यांच्याच शब्दांत: "तुमच्याकडे माणसाच्या खिशात चिठ्ठी घालायची पद्धत नाही का? सगळे खिसे पाहिले. आत एक बटण शिवलंय, मला वाटलं ताईत असेल. चहा झाला, हे उठले. थांबा म्हटलं तर लहान मुलासारखी दाराकडे ओढ घ्यायला लागले. मग मी म्हटलं, चला बाबा, बघू कुठे नेता ते. अख्खं शहर दाखवलं मला. माझ्या नातेवाइकांनी कधी इतकं चालवलं नाही."

बाबांनी त्यांना आपली जुनी सगळी फेरी घडवली. एकही घर न चुकवता.

मी आपांच्या पाया पडले, तर त्यांनी मला उठवून आधी पाणी मागितलं.

तर दादा, यंत्र बंद पडलं, आणि मी तुला हे सांगते आहे: तुझं बरोबर होतं. माझ्यात आता पुन्हा तसा दिवस काढायची ताकद नाही. तू म्हणतोस तसं कर. संस्थेला कळव. मी आडवी येणार नाही.

पूर्णिमा


मस्कत
७ ऑक्टोबर २०२५

पूर्णे,

मी बघत होतो.

तुला हे कळायला हवं. मी कामावर निघालो होतो, नकाशा उघडा होता. गिरणीचा दिवा गेला, रतनचा गेला, तांबटाचा गेला. मी मोजत बसलो आणि मनात म्हणालो, घे, बहीणबाईंनी सूड उगवला. मग फोन पालथा घालून ठेवला आणि दिवसभर उचलला नाही. मी तेव्हाच तुला एक फोन केला असता तर तू तशीच खाली पळाली असतीस. बाबा तेव्हा तांबटापाशी असतील. मला ही एक गोष्ट आता आयुष्यभर पुरेल.

तुझं एकटीचं काही नाही यात. दुसरा पंप मी होतो, आणि मी रुसून बसलो होतो.

पण पूर्णे, तरीही. तरीही मला वाटतं, आता गेट हवं. दरवेळी हुस्नबानू आपा भेटणार नाहीत. त्यांचा नंबर पाठव. मी स्वतः त्यांच्याशी बोलेन.

अठरा तारखेला येतोय. दिवाळी घरी करू, आणि भाऊबीज झाली की मी स्वतः बाबांना लोणीला घेऊन जाईन.

दत्ता


कसबा पेठ, पुणे
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

आपांशी तू बोललास ते कळलं. त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ फोनवर नुसता नाक ओढत होता, रेंज खराब असेल." मी हो म्हटलं.

डब्यांपैकी निम्म्या मेल्या होत्या. चालू असताना प्लग ओढला की आतलं मेमरी कार्ड खराब होतं, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. नवीन कार्डं घालून परत लावल्या. आता प्रत्येकीवर काळ्या मार्करने माझा नंबर आहे आणि खाली लिहिलंय, 'दिसले की फोन करा, डबी चालू असली तरी करा.' पुन्हा दिवसभर फोन येतात. मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर उचलते.

आपा रोज सकाळी येतात. डॉक्टरांनी त्यांना साखरेसाठी चालायला सांगितलंय आणि एकटीला कंटाळा येतो म्हणे. बाबांच्या चार पावलं मागे चालतात, आणि बाबा जिन्याखाली शिरले की बाहेर उभ्या राहून त्या घरातल्या बायकांशी गप्पा मारतात. बाबांना त्यांचं काही नाही. मंडळाने मदतनीस दिलाय असं त्यांना वाटत असावं.

हे वाचून मन बदलू नकोस. आपांना त्यांचं घर आहे, मुली आहेत, गुडघे आहेत. त्यांच्या भरवशावर किती दिवस काढायचे? मीच बदलेन अशी भीती वाटते, म्हणून बॅग भरून ठेवली आहे. शर्ट सगळे इस्त्री करून घातलेत. टॅग काढले नाहीत, रतनला उसवायला सांगायचा धीर झाला नाही.

मी लोणीला येणार नाही. घरून निरोप देईन. गेटच्या बाहेर उभं राहून मागे वळणं मला जमणार नाही, तुला जमत असेल तर तू कर. हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही.

पूर्णिमा


लोणी काळभोर
२५ ऑक्टोबर २०२५

पूर्णे,

मोबाइलवर लिहितोय, चुका पोटात घाल. फोन करत नाही कारण आत्ता मला बोलता येणार नाही.

सकाळी तू दारात उभी होतीस तेव्हा मी बरोबर करतोय याची मला खात्री होती. इथे पोचल्यावर जास्तच झाली. संस्था खरंच चांगली आहे. दीपमाला मॅडमनी बाबांना नमस्कार केला, खोली दाखवली, खिडकीतून उसाचं शेत दिसतं. जेवणात गवार नव्हती. बाबांनी जाताच मीटर शोधला, कार्यालयाच्या मागे आहे, पाहिला, मान हलवली. मॅडम हसून म्हणाल्या, रोज बघू द्या. मी सह्या केल्या. सगळे इतके चांगले होते की माझ्या मनावरचा दगड उतरला.

मग निघालो. बाबा माझ्यासोबत गेटपर्यंत चालत आले, पाहुण्याला पोचवायला यावं तसे. मी बाहेर आलो, वॉचमनने गेट लावलं. मी टॅक्सीकडे वळलो आणि मागून हाक आली.

"साहेब."

मी वळून पाहिलं. गेटच्या गजांवर हात ठेवून उभे होते. मला ओळखत नव्हते, पूर्णे. आठवडाभर घरात होतो, उटणं मी लावलं, फराळाचं ताट माझ्या शेजारी बसून खाल्लं, आणि त्या क्षणी मी त्यांना कुणीच नव्हतो. चिडले नव्हते, रडत नव्हते. लोकांच्या दारात उभं राहून ज्या आवाजात त्यांनी जन्मभर विचारलं असेल, त्याच आवाजात म्हणाले, "साहेब, जरा उघडता का? पुढची घरं राहिलीत."

मी आयुष्यभर साहेब व्हायला धडपडलो. आज झालो.

वॉचमन म्हणाला, असं सगळेच करतात पहिल्या दिवशी, तुम्ही जा, विसरतील. तो खरं बोलत होता. बाबा विसरले असते. तेच मला सहन झालं नाही. ते विसरतील, आणि ते विसरले हे फक्त मला माहीत असेल.

मी म्हटलं, उघडा.

मॅडमनी वाद घातला नाही. मी वहीत 'घरी नेत आहे' असं लिहून सही केली. त्या एवढंच म्हणाल्या की जागा दुसऱ्या कुणाला जाईल. जाऊ दे.

माझा काही पराक्रम झालेला नाही. नोकरी सोडणार नाही, एवढा मोठा मी नाही. पुढच्या आठवड्यात परत मस्कतला जाईन, परत सकाळी उठल्या उठल्या ठिपका शोधेन, आणि एक दिवस तो फोन येईल. येऊ दे. दार उघडं ठेव. बाबा दुकानांच्या वाटेवर असताना मीही फोन उचलत जाईन, साहेब मागे उभा असला तरी. डब्यांवर माझाही नंबर लिही, तुझ्या नंबराखाली. आपांना गुडघ्यांचं औषध विचार, घरी येताना घेऊन येतो.

टॅक्सी सोडून दिली, बाबा बसेनात. चहाच्या टपरीवर आहोत. चहावाल्याचा मीटर मागे खांबावर आहे, तो पाहून झाला. माझा चहा अजून संपायचा आहे, पण लिहिणं इथेच थांबवतो. बाबा उठून चालायला लागलेत, आणि हा सोलापूरचा हायवे आहे.

दत्ता